लाल नाड्याचं डिपर

मी थँक्यू म्हणालो.

सगळ्यांसमोर म्हणालो. डॉकवर माझ्या जोडीला काम करणारा भागवत होता, दोन टेम्पोवाले होते, कॅन धुणाऱ्या शेवंताबाई होत्या. नवे इनचार्ज वाळुंज साहेब वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन डिपर घेऊन आले. डिपर म्हणजे लांब दांड्याचं ओगराळं. कॅनमधलं दूध त्याने काढायचं आणि नमुन्याच्या बाटलीत भरायचं. दोन्ही डिपर एकाच दुकानातली, एकाच घडणीची, नवी कोरी. एक त्यांनी भागवतच्या हातात दिलं. दुसरं माझ्या हातात. माझ्या डिपरच्या दांड्याला लाल नाडा बांधला होता. घट्ट, तीन गाठी मारून.

"हे तुमचं," वाळुंज साहेब म्हणाले. "खास तुमच्यासाठी. दुसऱ्याचं वापरायचं नाही, तुमचं दुसऱ्याला द्यायचं नाही. टांगायला खिळासुद्धा वेगळा मारून घेतलाय."

मी म्हणालो, "थँक्यू साहेब."

भागवत झाकणं उघडायला वळला. शेवंताबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नळ सोडला. मला वाटलं, चला, नव्या साहेबांनी आपली दखल घेतली. संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "नाडा कशापायी?" तिने विचारलं. मी म्हणालो, ओळखू यावं म्हणून. तिने भाकरी तव्यावर टाकली.

आज कुणी मला विचारलं की तुझा सगळ्यात मोठा अपमान कोणता, तर ऐकणाऱ्याला वाटतं आता हा शिवी सांगणार, मार सांगणार. शिव्या मी खाल्ल्यात. एकदा बसस्टँडवर मारही खाल्लाय. पण मी सांगतो तो हा थँक्यू. शिवी दुसऱ्याच्या तोंडातून येते. हा माझ्या तोंडातून आला होता.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचं साल असेल. राहुरी आणि देवळाली प्रवरा यांच्या मधल्या रस्त्याला दुधाचं एक शीतकरण केंद्र होतं. आसपासच्या गावांमधल्या डेअऱ्यांचं दूध सकाळी टेम्पोने तिथे यायचं, थंड होऊन टाकीत पडायचं आणि टँकरने मुंबईला जायचं. दूध उतरवायच्या ओट्याला आम्ही डॉक म्हणायचो. त्या डॉकवर मी ग्रेडर होतो. कॅन समोर आलं की झाकण उघडायचं, नाकाशी न्यायचं आणि सांगायचं. पास. पास. आंबट. पास. एका कॅनला तीन-चार सेकंद. आंबट निघालं ते गावाला परत. शंका वाटली तर परीक्षानळीत थोडं दूध घेऊन दिव्यावर उकळायचं. फाटलं तर आंबट. विषय संपला.

माझं नाक चांगलं होतं. हे वाक्य मी आज सरळ लिहितोय. त्या काळात हे लिहायला माझा हात धजला नसता.

नाक आईकडून आलेलं. आमच्या घरी एक म्हैस होती. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला, तेव्हाच गावची मेलेली जनावरं ओढायचं काम टाकून दिलं. गावाने चार महिने कामाला बोलावलं नाही. तेव्हापासून घरात एक तरी दुभतं जनावर असायचंच. आई दूध काढलं की बादलीवर वाकायची आणि सांगायची. आज हिनं कांद्याची पात खाल्ली. आज बादली नीट इसळली न्हाई कुनी. हे दूध दुपारपस्तोर टिकायचं न्हाई. गावच्या डेअरीत आईचं दूध एकदाही परत आलं नाही. मी तिच्या शेजारी बसून वास घ्यायला शिकलो, जसं कुणी अक्षरं गिरवायला शिकतं.

मला डॉकवर घेतलं निमकर साहेबांनी. ते तिथले जुने इनचार्ज. डेअरीचा कोर्स करून आलेले आम्ही सातजण रांगेत उभे होतो. साहेबांनी टेबलावर सहा कॅनची झाकणं मांडून ठेवली होती. प्रत्येकाने हुंगायची आणि सांगायचं. पाचव्या झाकणापाशी मी थांबलो. म्हणालो, "साहेब, हे आंबट नाही. पण म्हशीनं पात खाल्लीय." साहेब खो खो हसले. दुसऱ्या दिवशी मी डॉकवर होतो.

लगेच कुरबुर सुरू झाली. एका गावच्या डेअरीचे चेअरमन होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. पांढरी विजार, पांढरा सदरा, टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून स्वतः दुधाबरोबर यायचे. ते माझ्यासमोरच साहेबांना म्हणाले, "निमकर सायेब, आमच्या दुधात आता ह्याचं नाक?"

साहेब म्हणाले, "अण्णा, नाक कुणाचंही असू द्या. आंबट ते आंबट."

ते वाक्य मी तीन वर्षं उशाशी घेऊन झोपलो. ह्या माणसासाठी मी मरायला तयार होतो, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. दिवाळीच्या दिवशीसुद्धा मी डॉक सोडला नाही. नमुन्याच्या बाटल्या तपासून झाल्या की उरलेलं दूध एका पातेल्यात जमा व्हायचं. भागवतने काढलेलं, मी काढलेलं, सगळं एकाच पातेल्यात. अकरा वाजता शेवंताबाई त्याचा चहा करायच्या आणि सगळं केंद्र तो चहा प्यायचं. साहेब मात्र कोरा चहा घ्यायचे. पित्ताचा त्रास होता म्हणे.

मग एका सोमवारी साहेब गेले. सातारच्या बाजूला कुठल्याशा खाजगी डेअरीत चांगली नोकरी लागली होती. सकाळी जीप दाराशी लागली तेव्हा मला कळलं. साहेब डॉकवर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, "चालू दे," म्हणाले आणि गेले. मी झाकण हातात धरून उभा.

भागवत म्हणाला, "तुला ठावं नव्हतं? साऱ्यांना ठावं हुतं की. आठ दिस झालं."

आठ दिवस. क्लार्कला माहीत, हमालाला माहीत, बाहेरच्या टपरीवाल्याला माहीत. मला नाही. मी स्वतःला समजावलं की साहेबांना मला सांगणं जड गेलं असेल. पण एकदा टोचलेला काटा आत राहिला की राहिलाच. का नाही सांगितलं? मी कोण होतो त्यांचा?

वाळुंज साहेब दुसऱ्या आठवड्यात आले. बोलायला गोड माणूस. निमकर साहेब मला अरे-तुरे करायचे, हे अहो-जाहो करत. हुद्द्याने मोठा माणूस आपल्याला अहो म्हणतो याचं मला किती कौतुक! पहिल्याच दिवशी माझी फाईल चाळून म्हणाले, "निमकरांनी तुम्हाला फार लवकर वर घेतलं." हसून म्हणाले. मग डिपर आली. मग मी थँक्यू म्हणालो.

नाड्याचा अर्थ मी दोन-तीन दिवसांनी विचारला. साहेब म्हणाले, "कुणाचा नमुना कुणी काढला ते कळलं पाहिजे. उद्या चूक झाली तर जबाबदारी कुणाची?"

झालं. तिथून माझं डोकं फिरलं. जबाबदारीसाठी खूण, तर मग खूण माझ्याच डिपरला का? भागवतच्या का नाही? मी उत्तर काढलं आणि तिथेच चुकलो. मला वाटलं, माझ्या नाकावर ह्यांचा भरवसा नाही. फार लवकर वर घेतलं म्हणाले, त्याचा अर्थ हाच. निमकर साहेबांनी कौतुकापोटी चढवलं होतं, आता खरा पारखी आला आणि आपलं पितळ उघडं पडलं. सहा झाकणं ओळखली तो नशिबाचा भाग असेल. साहेब हसले होते, ते कशाला हसले होते? जाताना सांगितलं नाही, ते का? त्यांनाही कळून चुकलं असेल.

मला सगळ्यांचा संशय यायला लागला. बाहेर टपरीवर दोघं हळू बोलत असले तर ते माझ्याबद्दलच. क्लार्क बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायचा, तर माझ्याच चिठ्ठ्या जास्त वेळ वाचतो. मी पास केलेल्या कॅनवर भागवत पुन्हा वाकायचा. मला वाटायचं, हा माझ्यामागे परत वास घेतोय. एकदा मी त्याच्यावर धावून गेलो. तो बिचारा झाकणं घट्ट बसवत होता. "काय झालंय राव तुला?" तो म्हणाला. मी पुढच्या कॅनकडे वळलो.

आणि सगळ्यात जास्त संशय माझा माझ्यावर. झाकण नाकाशी नेलं की आधी वास यायचा नाही, आधी विचार यायचा. हे आंबट आहे का मला आंबट वाटतंय? मी प्रत्येक कॅन उकळून बघायला लागलो. सकाळचे आठ, डॉकवर चार टेम्पो, आणि मी दिव्यावर परीक्षानळी धरून उभा. टेम्पोवाले आईमाईवरून शिव्या घालायला लागले. वाळुंज साहेब आले, गोड आवाजात म्हणाले, "प्रत्येक कॅन उकळायचं असेल तर ग्रेडर कशाला हवा?" मी उकळणं सोडलं. सवयीने झाकणं हुंगत राहिलो आणि पास म्हणत राहिलो. घरी आई म्हशीच्या दुधाची बादली पुढे करायची, "बघ रं, कसं हाय?" मी म्हणायचो, तूच बघ.

असाच एक दिवस अण्णांचा टेम्पो लागला. बारा कॅन. पहिलं झाकण उघडलं आणि माझ्या नाकाने सांगितलं, हे गेलं. अजून वर आलेलं नाही, पण तळाशी सुरू झालंय. तीन वर्षांत असं कॅन मी एकदाही सोडलं नव्हतं. मी नमुना काढायला खिळ्यावरचं डिपर घेतलं. नाडा दिसला.

अण्णा खाली उतरले होते. "काय मास्तर," ते मोठ्यांदा म्हणाले, "निमकरच्या टायमाचं नाक हाय का, का गेलं त्याच्यासंगं?"

हमाल हसले. टेम्पोवाला हसला. भागवतही हसला असेल, मी बघितलं नाही.

मी म्हणालो, "पास."

बाराच्या बारा पास. दुपारी दोन वाजता टाकी नासली. अख्खी टाकी. दूध मोरीवाटे मागच्या नाल्यात सोडलं, नाला पांढरा झाला, गावातली कुत्री जमली. वाळुंज साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "मला वाटलंच होतं. तुमचा दोष नाही. तुम्हाला झेपेल तेवढंच द्यायला पाहिजे होतं. थोडे दिवस खाली बसा, कॅन धुवायला मदत करा."

आणि ऐका, मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. मी मान डोलावली आणि मनात म्हणालो, बरोबर आहे, आपल्याला हेच झेपतं. माणूस असा मोडतो. त्याला कुणी ढकलावं लागत नाही, त्याला पायरी दाखवली की तो आपण होऊन उतरतो.

कॅन धुवायची जागा डॉकच्या मागे. गरम पाण्याचा हौद, सोड्याचं पाणी, वाफ. शेवंताबाई तिथे दहा वर्षं होत्या. हात कोपरापर्यंत पांढरे फटफटीत पडलेले. त्यांनी मला एक ब्रश दिला आणि कॅन पुढे सारलं.

तिसऱ्या दिवशी मला भिंतीला पालथी घातलेली एक बादली दिसली. छोटी, ॲल्युमिनियमची. कडीला लाल नाडा. तीन गाठी.

मी विचारलं, "शेवंताबाई, ही बादली कुणाची?"

त्या ब्रश घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुजी."

"माझी कशी?"

"तू वर हुतास तवा तुज्या डिपरच्या बाटल्या क्लार्क येगळ्या काढायचा, त्यांतलं उरलेलं दूध हिच्यात यायचं. भागवतचं पातेल्यात. पातेल्याचा च्या व्हायचा. हे म्या मोरीत वतायची. रोज. आता तू खाली हाय तर मोकळी पडलीया."

मला समजेना. खरंच समजेना. मी म्हणालो, "का? माझे नमुने खराब असायचे?"

तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. "ल्येका, तुला अजून कळंना व्हय? तुज्या हातचं दूध आफिसच्या च्याला चालत न्हाई. सायेब आले त्याच दिशी मला बोलले. नाडा त्याच्यापायीच हाय. नाकाचा काय संबंद?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तू थँक्यू म्हन्लास."

मी त्या बादलीकडे बघत राहिलो. वाफेने डोळे चुरचुरत होते, रडत होतो असं नाही. डोक्यात एकच हिशोब फिरत होता. माझं डिपर कॅनमध्ये बुडायचं. त्या कॅनमधलं चाळीस लिटर दूध टाकीत जायचं, टाकीतलं मुंबईला. मुंबईची पोरं ते पीत होती, म्हातारी माणसं पीत होती, देवाला नैवेद्य दाखवत असतील. तिथे माझा हात चालत होता. ह्यांच्या पाच कप चहाला चालत नव्हता. आणि मी गाढव, महिनाभर माझ्या नाकाची चौकशी करत बसलो होतो! संशय होता, पण मी तो चुकीच्या घरात शिरून धुंडाळत होतो. नाकावर कुणालाच शंका नव्हती. अण्णांना नव्हती, वाळुंज साहेबांना नव्हती. शंका घेणारा एकटा मीच.

संध्याकाळी घरी गेलो, आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, निदान शाप देईल. ती म्हशीपुढे घास टाकत होती. टाकून झाल्यावर हात झटकले.

"आपलं दूध डेअरीत समद्यात शेवटी का घेत्यात, तू कदी इचारलंस का?"

मी म्हणालो, "आपलं घर शेवटाला आहे. आपण उशिरा पोचतो."

"म्या साऱ्यांच्या आदी जायाची," आई म्हणाली. "पहाटं. बाजूला उभी ऱ्हायची. सारे वतून गेले की सेक्रेटरी बोलवायचा. तुजा हात धरून उभी ऱ्हायची, आठवतं का? तू म्हनायचास, आई, आपला नंबर कदी?"

आठवलं. तो गार ओटा आठवला, माझे अनवाणी पाय आठवले. "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू शिकत हुतास. म्हन्लं, शिकल्यावर तुला तुजं कळंल."

शिकल्यावर मला कळलं नव्हतं. शिकल्यावर मी थँक्यू म्हणायला शिकलो होतो. आईचा राग आला. खूप आला. आणि आईचाही राग येऊ शकतो या गोष्टीची लाज वाटली. मी तसाच उठलो आणि तिने काढलेल्या दुधाच्या बादलीवर वाकलो. ऊन दूध, घासाचा गोडसर वास, आणि मागे कुठेतरी अगदी किंचित राख. बादली राखेने घासली होती, एक पाणी कमी पडलं होतं.

"राख हाय जरा," मी म्हणालो.

आई म्हणाली, "हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौदाकडे गेलो नाही. सरळ डॉक चढलो. दोन्ही खिळ्यांवरून दोन्ही डिपर काढली. बाटल्यांच्या चिठ्ठ्या कापायचं ब्लेड होतं, त्याने नाडा कापला. तीन गाठी होत्या, वेळ लागला. भागवत बघत होता. मग दोन्ही डिपर गरम पाण्याच्या डब्यात टाकली, हात घालून गरागरा फिरवली, झटकली आणि एकाच खिळ्याला अडकवली. एकाच दुकानातली, एकाच घडणीची. महिन्याभरात दोन्हींना सारखेच ओरखडे पडलेले.

"आरं, काय केलंस हे?" भागवत म्हणाला. "आता माजं कोन्तं?"

"कोन्तंबी घे."

तो खिळ्यासमोर उभा राहिला. हात पुढे केला, मागे घेतला. तीन वर्षं आम्ही एका डॉकवर, एकाच्या बिडीवर दुसऱ्याने बिडी पेटवलेली. शेवटी त्याने वरचं घेतलं, सदऱ्याला पुसलं आणि कामाला लागला. पुसलं ते पाणी पुसलं की काय पुसलं, ते त्याचं त्याला माहीत.

वाळुंज साहेब नऊला आले. खिळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला खाली बसवलं होतं."

"लेखी द्या साहेब," मी म्हणालो. "आणि नाडा का बांधला होता, तेही त्याच कागदावर लेखी द्या."

आयुष्यात पहिल्यांदा मी साहेब माणसाच्या डोळ्यात बघून बोललो असेन.  साहेबांचा गोड आवाज कुठेतरी गेला. "यातलं तुमचं डिपर कोणतं?"

"मलाही सांगता येणार नाही."

"नाडा कुठंय?"

"मोरीत. माझं दूध जायचं तिथं."

ते आत गेले. लेखी काहीच आलं नाही.

तेवढ्यात अण्णांचा टेम्पो लागला. मी पहिलं झाकण उघडलं. वास आधी आला. विचार नंतर आला, आणि तो एवढाच होता की वास बरोबर आहे. "आंबट," मी म्हणालो. दुसरं, आंबट. तिसरं पास. अण्णा खाली उतरले, काहीतरी बोलणार होते. मी त्यांना बोलू दिलं नाही. दिवा पेटवला, पहिल्या कॅनचं दूध नळीत घेतलं आणि त्यांच्या तोंडासमोर धरलं. दूध फाटलं. पाणी वेगळं, गोळे वेगळे. सगळ्या डॉकने बघितलं. पाच कॅन परत गेली. अण्णा सीटवर चढता चढता म्हणाले, "लई चढलंय ह्येला." मी पुढच्या टेम्पोचं झाकण उघडलं.

अकरा वाजले. शेवंताबाईंनी पातेलं चढवलं. कुठल्या बाटलीतलं दूध कुठल्या डिपरचं, हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या ट्रे घेऊन ऑफिसात गेल्या आणि तशाच परत आल्या. वाळुंज साहेब म्हणाले, आज कोरा आणा. क्लार्क म्हणाला, मलापण कोराच, ऊन लई हाय. लॅबमधला माणूस म्हणाला, कोरा. भागवत डॉकवरून ओरडला, "बाई, मलाबी कोरा." त्या दिवशी त्या दुधाच्या केंद्रात, जिथे हजारो लिटर दूध टाकीत उभं होतं, तिथे दुधाचा चहा फक्त दोघांनी घेतला. मी आणि शेवंताबाईंनी, हौदाच्या कठड्यावर बसून.

मी पहिला घोट घेतला आणि कप कठड्यावर ठेवला.

कोरा चहा. निमकर साहेबही कोराच घ्यायचे.

तीन वर्षं. एक दिवस चुकला नाही. पित्त, ते म्हणायचे. मी कधी त्यांना पित्ताची गोळी घेताना बघितलं होतं का? नव्हतं. पण वडापाव खाताना बघितलं होतं. बहिणीच्या लग्नाला आमच्या वस्तीवर आले होते, आहेर दिला, घाईत आहे म्हणून जेवले नाहीत. खरंच घाईत असतील. पाणी प्यायले का? मी आठवून आठवून थकलो. तांब्या पुढे केलेला आठवतो, पुढचं आठवत नाही. त्यांनी अण्णांना सुनावलं होतं, तेही खरं. मी येण्याआधीही ते कोरा घ्यायचे का? मी शेवंताबाईंकडे वळलो, तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मला ते ऐकायचं नव्हतं. कुठलंच उत्तर ऐकायचं नव्हतं.

पंधरा दिवसांनी माझी राजूरच्या केंद्रावर बदली झाली. कारणात लिहिलं होतं, कामाच्या सोयीसाठी. राजूर म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगरात, एका टोकाला. आईला म्हशीसकट सोडून जायचं होतं. मी सही केली. सहीच्या वर लिहिलं, बदली मान्य, कारण अमान्य. क्लार्क म्हणाला, असं लिहितात व्हय? मी म्हणालो, मी लिहितो.

शेवटच्या दिवशी निमकर साहेब आले. कसलंसं जुनं सर्टिफिकेट न्यायचं होतं. वाळुंज साहेबांसमोर खुर्चीत बसले होते. मला बघून चेहरा उजळला, खरोखर उजळला. "अरे, ये ये! कसं आहे तुझं नाक?"

"आहे, साहेब."

"मी यांना सांगत होतो, असं नाक जिल्ह्यात नाही."

वाळुंज साहेब हसले. तेवढ्यात शेवंताबाई दारात आल्या. पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, "सायेब, च्या टाकते. दुधाचा घेनार का कोरा?"

मी दारात होतो. एक पाऊल थांबलो असतो तर उत्तर मिळालं असतं. तीन वर्षांचं उत्तर, एका शब्दात. निमकर साहेबांनी माझ्याकडे बघितलं, तेही मला दिसलं. मी वळलो आणि बाहेर पडलो. ते काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. ऐकायचं राहून गेलं असं नाही, मी मुद्दाम ऐकलं नाही. दुधाचा म्हणाले असते तर मी पुन्हा त्यांचा झालो असतो. कोरा म्हणाले असते तर पुन्हा माझ्या नाकावर संशय घेत बसलो असतो. माझं नाक त्यांनी दिलेलं नव्हतं. ते पहाटे बाजूला उभ्या राहणाऱ्या बाईने दिलेलं होतं.

लोक म्हणतात, तू संशयी आहेस. मित्र म्हणतात, बायको म्हणते. आहे. मी संशय सोडणार नाही. आधी तो मी माझ्यावर वाया घालवला, आता तो मी समोरच्यासाठी राखून ठेवलाय.

राजूरला पहिल्या दिवशी तिथल्या इनचार्जने मला पांढरा ॲप्रन दिला. नवा, घडीचा. "हा तुमच्यासाठी," तो म्हणाला.

मी घडी उलगडली नाही. विचारलं, "दुसरे कुणाला दिले?"

"सगळ्यांना दिलेत."

"दाखवा."

तो चिडला. पण त्याला दाखवावे लागले. मी एकेक ॲप्रन उलटा करून बघितला. कॉलर बघितली, शिवण बघितली, नाड्या बघितल्या. सगळ्यांच्या सारख्याच होत्या. मग मी माझा घातला आणि डॉकवर गेलो. थँक्यू म्हणालो नाही.